पाणीगळतीचा अलार्म: गावाला जाण्याआधीची तयारी

पाणीगळतीचा अलार्म विकत घ्यायच्या आधी एक माणूस ठरवा. अलार्म वाजला तर तो त्याला ऐकू जाईल, घराची किल्ली त्याच्याजवळ असेल आणि पाणी कुठून बंद करायचं हे त्याला ठाऊक असेल. असा माणूस ठरला नसेल तर दुकानाची पायरी चढू नका. बाकीची तयारी यानंतर.

वस्तू अगदी साधी आहे. डबीच्या खालच्या अंगाला धातूची दोन टोकं असतात, ती दोन्ही पाण्यात बुडाली की त्यांच्यामधून किंचित वीज वाहते आणि भोंगा सुरू होतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसतं ‘पाण्याचा अलार्म’ म्हणालात तर हातात टाकी भरल्याचा अलार्म पडेल, तो ‘कृपया मोटर बंद करा’ म्हणणारा. तोही कामाचा आहे, पण त्याचं काम वेगळं. शिवाय तो बहुतेक वेळा प्लगमध्ये खोचायचा असतो, म्हणजे लाइट गेली की गप्प. आपल्याला सेलवर चालणारा, जमिनीवर ठेवायचा हवा. तसं स्पष्ट सांगा. आणि एकावर भागवू नका. स्वयंपाकघरातला अलार्म वॉशिंग मशीनची गळती सांगणार नाही.

पुण्यामुंबईचे पाहुणे म्हणतात, मेन कॉक बंद केला की झालं. सोलापुरात एवढ्यावर भागत नाही, हे नीट समजून घ्या. उजनीचं पाणी आपल्याकडे भागाभागाप्रमाणे काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी खाली हौद, गच्चीवर टाकी, वर आणखी दोन बॅरल. रस्त्याकडचा कॉक बंद केला तरी गच्चीवरचं १००० लिटर पाणी घरात उतरायला मोकळंच असतं. सिंकखालचा कनेक्शन पाइप फुटला आणि मिनिटाला १० लिटर जरी पाणी आलं तरी ती टाकी १०० मिनिटांत रिकामी होते. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढं पाणी कोंडलं तर साडेतीन इंच चढेल. आणि मोटर ऑटोमॅटिक असेल तर संपलंच. टाकीतलं पाणी उतरलं की मोटर आपोआप चालू होते, हौदातलं पाणी वर चढवते आणि वरचं पुन्हा घरात. हौद कोरडा पडेपर्यंत हे चालू राहतं. म्हणून निघताना दोन गोष्टी बंद करायच्या: गच्चीवर टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह आणि मोटरचं बटण.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह आज, आत्ता जाऊन फिरवून बघा. आपल्याकडचं ऊन चाळिशी ओलांडतं, त्यात वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिकचं हँडल हातात तुटून येतं. बोअरच्या क्षारांनी आतला गोळा जाम झालेला असतो तो वेगळाच. तुटायचं असेल तर तुम्ही घरी असताना, प्लंबर मिळण्यासारखा असताना तुटू दे. हँडल पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवं असेल तर बंद. टाकीला तीन पाइप असतील तर त्यातला नेमका कुठला घरात उतरतो ते ओळखून त्याला लाल चिंधी बांधा. ही चिंधी तुमच्यासाठी नाही, तुम्ही ठरवलेल्या माणसासाठी आहे.

अलार्म ठेवायचा कुठे, हे डोळ्यांनी ठरवू नका, तांब्याभर पाणी ओतून ठरवा. सिंकखाली ओता आणि बघत बसा. फरशी सपाट दिसते, पण नसते. आमच्या स्वयंपाकघरात पाणी सिंकखाली थांबतच नाही. भिंतीच्या कडेकडेने ट्रॉल्यांच्या मागून सरकतं आणि थेट कोठीच्या खोलीच्या कोपऱ्यात, जिथे शाळूची पोती ठेवलेली असतात, तिथे जाऊन साचतं. मधल्या वाटेवर एक थेंब दिसत नाही. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर आणखी वेगळं, तिथे पाणी सांध्यासांध्यातून वाट काढतं. जिथे ते पहिल्यांदा थबकतं तिथे एक अलार्म आणि जिथे शेवटी साचतं तिथे दुसरा. पोती मात्र अलार्म असो नसो, फळीवर उचलून ठेवा. ज्वारी खालून ओल ओढते आणि वरच्या दाण्यांवरून काहीच कळत नाही.

बाकीच्या जागा माहितीच्या आहेत: वॉशिंग मशीनच्या मागे, आरओच्या खाली, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर, उन्हाळ्यात कूलरपाशी. पालिकेच्या पाण्याचा नळ घरात असेल तर तिथेही. पाणी आलंय का बघायला तोटी उघडायची, नाही म्हणून तशीच सोडायची आणि पाणी अपरात्री सुटायचं, हे आपल्याकडे घरोघरी होतं. बाथरूमच्या आत ठेवू नका, रोजच्या शिंतोड्यांनी वाजत राहतो, वैतागून कोणीतरी सेल काढून ठेवतं आणि मग तो असून नसल्यासारखा.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. हे यंत्र पाण्यातल्या क्षारांवर चालतं. नळाच्या, बोअरच्या पाण्याला ते पटकन ओरडतं. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असतात आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात तर जवळजवळ नसतातच, त्यामुळे तिथे अलार्म उशिरा वाजू शकतो किंवा वाजतच नाही. म्हणून आरओखाली ठेवायचा अलार्म आरओच्याच पाण्याने तपासा. बशीत थोडं पाणी, त्यात अलार्मची टोकं. वाजला तर ठीक, नाही वाजला तर दुकानदाराला परत द्या. टोकांवर पांढरा थर चढला तर लिंबाची फोड फिरवायची आणि कोरड्या फडक्याने पुसायचं.

आता पुन्हा माणसाकडे, कारण सगळं अडतं ते इथेच. आम्ही गावाला गेलो तेव्हा अलार्म जागेवर होता, सेल नवा होता, पाइप फुटल्यावर तो वेळेवर वाजलाही. शेजारच्या काकूंना आवाज ऐकू आला. त्या जिना चढून दारापर्यंत आल्या, दाराला कान लावला, कुलूप बघितलं आणि घड्याळाचा गजर राहिला असेल असं समजून परत गेल्या. किल्ली कोणाकडे नव्हती. आम्ही आलो तेव्हा ट्रॉल्यांचं प्लायवुड फुगून दारं लागत नव्हती आणि पोत्यांना खालून मोड आले होते. काकूंचा यात काडीचाही दोष नाही. हा आवाज कसला, हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

तेव्हा सांगा. नुसतं ‘घराकडे लक्ष ठेवा हं काकू’ म्हणणं म्हणजे सांगणं नव्हे. त्यांना घरी बोलवा, अलार्म बशीत बुडवून त्यांच्यासमोर वाजवा. हा आवाज आला की पाणी फुटलंय, घड्याळ नाही, मोबाइल नाही, हे स्पष्ट बोला. मग दार लावून घ्या, त्यांना त्यांच्या घरात पाठवा आणि पुन्हा वाजवा. पंखा चालू, टीव्ही चालू असताना ऐकू येतो का ते बघा. येत नसेल तर अलार्मची जागा नाही, माणूस बदलावा लागेल. किल्ली त्यांच्या हातात द्या, ‘गरज पडली तर आईकडून घ्या’ असं नको, आई बाळे स्टेशनच्या पलीकडे राहते आणि पाणी थांबत नाही. किल्ली हातात द्यायची म्हणजे हातात द्यायची. काकूंचे गुडघे दुखत असतील तर गच्चीवर त्या चढणार नाहीत, मग समोरच्या भाऊंनाही सांगा आणि व्हॉल्व्ह त्यांच्याच हाताने एकदा फिरवून घ्या.

क्रमही सांगा आणि तो त्यांच्याकडून बोलवून घ्या. आधी मीटरपाशी मेन स्विच बंद. नंतर गच्चीवर लाल चिंधीचा व्हॉल्व्ह. नंतर आम्हाला फोन. घरात पाय टाकायचा तो या सगळ्याच्या शेवटी. इन्व्हर्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड आपल्याकडे सर्रास जमिनीवर असतात आणि मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरात वीज देतच राहतो. म्हणून इन्व्हर्टर जाण्याआधीच बंद करा आणि बोर्ड उचलून टेबलावर ठेवा. फरशीवर पाणी दिसलं की माणूस धावत आत जातो. आपलं सामान वाचवायला आलेल्या माणसाला शॉक बसला तर काय करणार आहात?

मोबाइलवर संदेश पाठवणारे अलार्मही मिळतात. घ्या, पण ते वायफायवर चालतात. लाइट गेली की राउटर बंद आणि तुम्ही आत्ताच इन्व्हर्टर बंद केलात. राउटरला वेगळा छोटा बॅकअप लावला तरच त्याचा उपयोग. आणि संदेश आला तरी तुम्ही असणार कोल्हापुरात किंवा गाडीत. दार कोण उघडणार? किल्लीवाला माणूस तिथेही लागतोच.

सेल अल्कलाइन घ्या, स्वस्तातले लवकर बसतात आणि आतच गळतात. बदलायचा दिवस ठरवून टाका. आम्ही संक्रांतीच्या आधी बदलतो, सिद्धेश्वरच्या यात्रेची गडबड सुरू व्हायच्या आत, म्हणजे विसरत नाही.

निघायच्या दिवशी: गॅस, दिवे तुम्हाला माहीत आहेत. सगळ्या तोट्या बंद. वॉशिंग मशीनचा कॉक बंद. सिंकखालचे अँगल कॉक बंद. मोटर बंद, व्हॉल्व्ह बंद. अलार्म एकदा वाजवून, पुसून जागेवर. किल्ली दिली? हातात?

परत आल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, एकदम उघडलात तर अडकलेल्या हवेने पाइपला धक्का बसतो. मोरीतला नळ थोडा वेळ सोडून ठेवा. किल्ली मात्र काकूंकडेच राहू द्या, परत मागू नका.