वॉचडॉग टायमरसाठी अ‍ॅडमिन कमांड कशी आखावी

वॉचडॉगला ठरलेल्या वेळेत पिंग, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा इशारा, मिळालं नाही, की तो मशीन रीसेट करतो. काम एवढंच. पण त्याची अ‍ॅडमिन कमांड नीट आखली नसेल, तर चांगला चालणारा सर्व्हरही भर दुपारी रीबूट होतो.

१. आधी स्थिती दाखवा. टायमर कोणता, मुदत किती, उरले किती सेकंद, पिंग कोण करतंय आणि मागचा रीबूट वॉचडॉगमुळे झाला का? रात्री उठवलेल्या माणसाला हा शेवटचा प्रश्न आधी पडतो, म्हणून उत्तर वरच हवं. सगळी हार्डवेअर ते सांगत नाहीत. तिथे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापा. ‘नाही’ छापलंत तर माणूस भलतीकडेच शोधत बसेल.

२. मागितलेली आणि मिळालेली मुदत, दोन्ही छापा. लिनक्समध्ये ४५ सेकंद मागितले आणि हार्डवेअर मिनिटातच मोजत असलं, तर ६० मिळू शकतात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, खरा आकडा परत देतं, तो गिळू नका.

३. पिंग कोण करणार, हे चालू करतानाच विचारा. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हे काम कर्नलकडे किंवा बाहेरच्या प्रोग्रामकडे देता येतं. कर्नलवर सोपवलं, की वरचे सगळे प्रोग्राम अडकले तरी पिंग चालूच राहतं आणि वॉचडॉगला ते कळतच नाही. म्हणून माझ्या मते डीफॉल्ट बाहेरचा प्रोग्रामच असावा. लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारं आणि सांभाळणारं सिस्टमडी साधारण निम्म्या मुदतीत पिंग करतं. तेवढी सवड ठेवा.

४. बंद करणं मुद्दाम अवघड ठेवा. लिनक्सचे बरेच ड्रायव्हर वॉचडॉगची डिव्हाइस फाइल बंद करण्याआधी तिच्यात मोठं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर लिहिलं असेल तरच टायमर थांबवतात. त्यामुळे पिंग करणारा प्रोग्राम मध्येच मेला, तर टायमर चालूच राहतो आणि रीसेट होतो. ‘नोवेआउट’ ही थांबवायला मनाई करणारी सेटिंग लावली असेल तर थांबवायची सोयच उरत नाही. अशा वेळी कमांडने गुपचूप यशस्वी झाल्याचं नाटक करू नये. ‘आता फक्त रीबूट’ असं स्पष्ट सांगावं. बंद करायला स्वतंत्र कमांड, रूटचा (सर्वोच्च अ‍ॅडमिनचा) अधिकार आणि लॉगमध्ये नोंद हवीच.

५. मग चाचणी. व्हर्च्युअल मशीनवर सॉफ्टडॉग (सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग) मॉड्यूल लोड करा आणि पिंग करणारा प्रोग्राम सक्तीने मारा. मुदत संपल्यावर मशीन रीबूट व्हायला हवं. मात्र सॉफ्टडॉग स्वतः कर्नलमध्येच चालतो, त्यामुळे कर्नलच पूर्ण गोठलं तर त्याचा भरवसा नाही. ती परीक्षा खऱ्या हार्डवेअरवरच घ्या, आणि तीही डेटा डिस्कवर सिंक करून, म्हणजे पूर्ण लिहून, झाल्यावर.