पदवीदान समारंभाला काय घालायचं? आपल्या खान्देशातल्या पोरापोरींसाठी माझा अनुभव

डिग्रीची नोटीस ग्रुपवर पडली की ज्युनिअर पोरी मला हमखास विचारतात, ताई साडी नेसू की ड्रेस घालू, आणि पोरं विचारतात की ब्लेझर लागतोच का. आमच्या घरात डिग्री घ्यायला स्टेजवर चढणारी मी पहिलीच, त्यामुळे मला सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून जे मला तिथे जाऊन कळलं ते इथे सगळं सांगून टाकते.

सगळ्यात आधी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मैत्रिणीच्या कॉलेजात गाऊन होता म्हणून आपल्याकडेही असेल असं धरून चालू नका, कारण हा पोशाख सध्या सगळीकडेच बदलतोय. काळा गाऊन आला युरोपातून, तिथल्या जुन्या विद्यापीठांच्या गारठलेल्या दगडी इमारतींमध्ये त्याची खरोखर गरज होती. आपल्याकडे २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळला एका दीक्षांत समारंभात स्टेजवरच गाऊन काढून ठेवला होता, नंतर २०१५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना समारंभासाठी हातमागाचे कपडे वापरा असं कळवलं, आणि २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने आपल्या मेडिकल संस्थांना काळ्या गाऊनऐवजी भारतीय पोशाख ठरवायला सांगितलं. त्यामुळे कुठे गाऊन-टोपी, कुठे पांढरा ड्रेस आणि उपरणं, कुठे नुसतं फॉर्मल. नोटीसमध्ये स्पष्ट नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, अजिबात लाजू नका.

गाऊन असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या, तुमचे कपडे जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो गळा आणि खाली पोटरीपासून पाय, बस. मी जळगावच्या फुले मार्केटला अख्खी दुपार फिरून साडेतीन हजारांचा भरजरी ड्रेस घेतला होता, तो आख्खा गाऊनखाली गेला आणि त्या जरीने काखेत टोचत राहिलं ते वेगळंच. ते पैसे अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कापूस विकून दिलेले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही नवीन काही घेऊ नका. चुलत बहिणीची, मामीची, आईची साधी कॉटनची किंवा हलकी सिल्कची साडी मागून आणा, ब्लाऊज मात्र आठ दिवस आधी घालून बघा, हात वर होतो का, बसल्यावर दाटतो का. पदर पिनअप करा, मोकळा सोडला तर गाऊनमध्ये त्याचा बोळा होतो. ड्रेस असेल तर ओढणी गाऊनच्या आत घेऊच नका, ती घरच्यांकडे द्या आणि फोटोच्या वेळी घ्या.

आता गळ्याचं. गाऊनवर जो रंगीत हूड देतात, म्हणजे गळ्यात घालून पाठीवर सोडायचं कापड, त्याचं सगळं वजन पाठीवर असतं त्यामुळे तो मागे सरकतो आणि पुढून गळ्याला ओढतो. दोन तास मी तो हाताने धरून बसले होते. नंतर एका मॅडमनी दाखवलं की त्याला पुढे छोटा लूप असतो तो शर्टाच्या बटणात अडकवायचा, आणि बटण नसेल तर आतून सेफ्टी पिन लावायची. म्हणून पोरींनो, डझनभर सेफ्टी पिना आणि काळ्या हेअरपिना पर्समध्ये टाकाच. समारंभ जळगावजवळच्या बांभोरीला आपल्या विद्यापीठात असेल तर गिरणेचा पूल ओलांडून गेल्यावर ऐनवेळी पिना आणायला परत गावात येणं होत नाही. चौकोनी टोपी असेल तर डोक्यावर अंबाडा घालू नका, मानेजवळ घाला, नाहीतर टोपी बसतच नाही.

पोरांचं सोपं आहे. फिकट रंगाचा फुल बाहीचा इस्त्रीचा शर्ट, गडद पँट, पट्टा, काळे बूट आणि काळे मोजे, पांढरे मोजे नकोत कारण नेमके तेच दिसतात. ब्लेझर गाऊनखाली घालायचा नाही, घामाने जीव जातो. गाऊन नसेल आणि ब्लेझर हवाच असेल तर भावाचा आणा, लग्नाचा चमकीवाला सोडून.

पायांकडे मात्र खरंच लक्ष द्या. स्टेज मंडपवाल्याचा असतो, फळ्यांवर मॅटिंग टाकलेलं, आणि पायऱ्या अरुंद. माझ्या पुढच्या मुलीची टोकदार हील दोन फळ्यांच्या फटीत अडकली, सरांनी हात दिला म्हणून पडली नाही पण बिचारी रडवेली झाली. सपाट किंवा रुंद टाचेचीच चप्पल घाला आणि नवीन असेल तर चार दिवस आधीपासून घरात वापरा. साडीची उंची त्याच चपलेवर नेसून ठरवा, पुढून दोन बोटं वर.

हवामानाचंही बघा. जानेवारीची सकाळ असेल तर आतून पातळ स्वेटर चालतो, पण मार्च उजाडला की आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहितीये, मंडपात पंखे कितीही लावले तरी पॉलिस्टरच्या काळ्या गाऊनमध्ये भट्टी होते. सुती कपडे, रुमाल, पाण्याची बाटली, आणि पोटात काहीतरी असू द्या.

आणि ज्याबद्दल कोणीच विचारत नाही ते घरच्यांच्या कपड्यांचं. मला ड्रेसचं टेन्शन होतं त्याच्या दुप्पट अण्णांना होतं आणि ते बोलले आदल्या रात्री, "तठे मोठमोठा लोके राहतीन, मना हाऊ नेहरू शर्ट चाली का?" ते जवळजवळ यायचेच थांबले होते. पालकांना कसलाही ड्रेसकोड नसतो हे मला आठ दिवस आधी सांगता आलं असतं. तुम्ही सांगा, नोटीस वाचून दाखवा, आईची साडी आणि वडिलांची टोपी तुमच्या कपड्यांसोबतच इस्त्रीला टाका. अण्णा शेवटी पांढरा नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपी घालून आले आणि तिसऱ्या रांगेत बसले, मला स्टेजवरून आधी ती टोपीच दिसली.

शेवटचं एक, गाऊन भाड्याचा असेल तर डिपॉझिटची पावती घरच्यांच्या खिशात ठेवा कारण गाऊनला बहुतेक खिसा नसतो, आणि परत करायच्या रांगेत लागण्याआधी आईवडिलांसोबतचा फोटो काढून घ्या. आमच्याकडे कार्यक्रम संपल्या संपल्या गाऊन गोळा करायला सुरुवात झाली आणि माय पाणी प्यायला गेली होती, त्या फोटोत ती नाहीये.