रात्री तीनला जागी होणाऱ्या मुलीसाठी काय करावं

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी नवराबायकोची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुली आमच्या वसतिगृहात राहतात. अकरा वर्षं मी इथली अधीक्षिका आहे. सकाळी दाराशी ठरलेलं वाक्य येतं, "मॅडम, पोट लई दुखायलंय." पूर्वी मी ओवा द्यायचे आणि शाळेत पिटाळायचे. आता आधी विचारते, रात्री जाग आली होती का?

हे मला नववीतल्या एका मुलीमुळे कळलं. ती पायात चप्पल घालून झोपायची, दप्तर उशाला. रात्री तीनच्या सुमाराला उठून बसायची. सातवीपर्यंत ती आईबापासोबत उसाच्या फडावर होती. अपरात्री ट्रक आला की मोळ्या भरायला खोप रिकामी व्हायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन हीसुद्धा बाहेर. एका हंगामात मुकादमाने बापाला तिच्यादेखत मारलं होतं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, पण पोट खरंच दुखत होतं.

भीतीत वाढलेलं मूल झोपेतही कान टवकारून असतं. झोप अपुरी झाली की तेच दुखणं जास्त जाणवतं, दुखतंय म्हणून पुढची रात्रही जाते, आणि मन खचत जातं. 1998 साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी मोठ्या पाहणीतून दाखवलं, की बालपणी जितके आघात जास्त, तितकं पुढे नैराश्य आणि शरीराचे आजारही जास्त. म्हणून "नाटकं करते" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

आधी डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, जंत, पाळीचं दुखणं, डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. रात्री पाय शिवशिवतात म्हणाली तर लोह कमी असू शकतं, तेही सांगा. झोपेची गोळी मनाने कधीच देऊ नका.

मग एक वही करा. चौदा दिवस रोज तीनच गोष्टी लिहायच्या: झोप कधी लागली, जाग कधी आली, सकाळी दुखणं दहापैकी किती. आमच्या वहीत एक गोष्ट लख्ख दिसली. रात्री दहाला बापाचा फोन आला, की दुसऱ्या दिवशी दुखणं आठ. बाप बिचारा उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, किती फिटली ते लेकीला सांगायचा. मी त्याला विनवलं, "दादा, सातच्या आत फोन करा, आणि उचलीचं माझ्याशी बोला." त्याने ऐकलं.

उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारी फार तर तासभर उशीर. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे नऊला अंथरुणात ढकलून झोप येत नाही. आमच्याकडे साडेचारला उठवून अभ्यासाला बसवायची पद्धत होती. ती मी बंद केली. संस्थेत बोलणी खाल्ली, पण पुन्हा सुरू केली नाही. 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं. मला विचाराल तर मोठ्यांना त्याची गरज जास्त आहे. चारनंतर चहा नाही, आणि अभ्यास अंथरुणावर नाही.

आता रात्री तीनचं. रागावू नका, "काय झालं?" असंही विचारू नका. मी एवढंच म्हणायचे, "मी जागी आहे. कडी लावलीय. किल्ली माझ्या कमरेला आहे." वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर तिला ओसरीवर मंद दिव्यात बसवायचे आणि ताटात डाळ निवडायला द्यायचे. घड्याळ नाही, मोबाइल नाही. मान डुलायला लागली की अंथरुणात.

बोलणं दिवसा, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. तिने कुणी अंगचटीला आल्याचं सांगितलं तर ते पोटात ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. मुलांची हेल्पलाइन 1098. "जगावंसं वाटत नाही" म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, तो दिवसरात्र लागतो. आघात खोल असेल तर झोपेचे उपाय पुरत नाहीत, समुपदेशक हवाच.

त्या मुलीचं पोट परीक्षेच्या आठवड्यात अजून दुखतं. पण वहीत आठाच्या जागी तीन-चार येऊ लागले. चप्पल काढ, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. फेब्रुवारीत एका रात्री फेरी मारताना पाहिलं, तर चप्पल खाटेखाली होती, टोकं दाराकडे करून ठेवलेली.