कॉम्पॅक्ट की एसएलआर? या चुका टाळा

"कुठला कॅमेरा घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्या बॅगेकडे बघतो. थट्टा नाही. माझा पहिला एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, मी मोठ्या हौसेने घेतला आणि वर्ष संपायच्या आत तो कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसला. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), तिच्यासोबत मिळणारी किट लेन्स आणि बॅटरी मिळून सहा-सातशे ग्रॅमचं लोढणं दर वेळी गळ्यात कोण अडकवणार? त्या वर्षातले माझे बरे फोटो निघाले ते खिशातल्या जुन्या, लेन्स बदलता न येणाऱ्या कॉम्पॅक्टवर, कारण वेळेला तोच जवळ होता. त्यामुळे पहिली चूक ही की लोक कॅमेरा दुकानातल्या काउंटरवर निवडतात. रोज सोबत काय न्याल, ते आधी घरी ठरवा.

मेगापिक्सेल मोजत बसणं

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा सगळ्यात कमी कामाचा असतो. १२ बाय ८ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायचा तर ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. १२ चे २४ मेगापिक्सेल झाले तरी फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये दीडपटही वाढत नाही.

बघायचा तो सेन्सर, प्रकाश टिपणारी आतली चिप. साध्या कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. नेहमीच्या एसएलआरमध्ये एपीएस-सी असतो, सुमारे २३.५ बाय १५.६; कॅननचा किंचित लहान. क्षेत्रफळ जवळजवळ तेरा पट. संध्याकाळी खोलीत काढलेला फोटो खरखरीत का येतो, याचं बरंचसं उत्तर या तेरा पटीत आहे. आणि 'इंच' या शब्दाला फसू नका. 'एक इंची' सेन्सरची खरी मापं १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आहेत. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून आलेलं हे नाव आहे, पट्टी लावून बघाल तर इंच कुठेच सापडणार नाही.

"एसएलआर म्हणजे फोटो चांगलाच"

ही गैरसमजूत मला सगळ्यात महागाची वाटते, म्हणून जरा आकडेमोड करू. एका बाजूला एक इंची सेन्सरचा चांगला कॉम्पॅक्ट, सोनीच्या आरएक्स१०० सारखा. त्याची लेन्स वाइड टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). दुसऱ्या बाजूला एपीएस-सी एसएलआर आणि सोबत मिळालेली १८-५५ एमएम किट लेन्स (एमएम जितके जास्त, तितकं दृश्य जवळ), वाइडला एफ ३.५. एसएलआरचा सेन्सर तिपटीहून थोडा मोठा. पण एफ १.८ ची लेन्स एफ ३.५ च्या तुलनेत सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर पावणेचार पट प्रकाश टाकते. म्हणजे वाइड टोकाला हिशेब जवळपास बरोबरीत सुटला, उलट कॉम्पॅक्टच काकणभर सरस. झूम करत गेलात की कॉम्पॅक्टची लेन्सही अंधारी होते आणि एसएलआर पुढे जातो, हे खरं. पण जन्मभर किट लेन्सच लावून ठेवणार असाल तर एसएलआर घेऊन नेमकं काय मिळवलंत?

एसएलआरची खरी कमाई बॉडीत नाही, लेन्स बदलता येण्यात आहे. ५० एमएम एफ १.८ ही छोटी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावून बघा. किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते, तिच्यापेक्षा ही जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते. बजेट ठरलेलं असेल तर बॉडी एक पायरी खालची घ्या आणि उरलेले पैसे लेन्समध्ये घाला.

इथे एक खाच आहे. निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी एएफ-डी प्रकारची लेन्स त्यांच्यावर बसते, फोटोही काढते, पण फोकस हातानेच फिरवावा लागतो. एएफ-एस लिहिलेली लेन्स घेतली तर हा प्रश्न येत नाही. कॅननवाल्यांची अडचण वेगळी: ईएफ-एस लेन्सा फुल फ्रेम, म्हणजे एपीएस-सीहून मोठ्या सेन्सरच्या, एसएलआरवर बसतच नाहीत. पुढे फुल फ्रेमवर जायचा विचार असेल तर आजच लेन्सवरची अक्षरं वाचा.

'३० एक्स' बघून भाळणं

झूमचा एक्स म्हणजे फक्त भागाकार, मोठा आकडा भागिले छोटा. १८-५५ लेन्स तीन एक्स आणि ७०-२०० सुद्धा तीनच्या आसपास, पण दोघींच्या पल्ल्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विचारायचं ते हे, की दोन्ही टोकांना ३५ एमएमच्या हिशेबात (फुल फ्रेमवर मोजून) किती? पक्षी टिपायचे असतील आणि खांद्यावर ओझं नको असेल तर २४-७२० पल्ल्याचा कॉम्पॅक्ट बिनदिक्कत घ्या, उन्हात छान काम देतो. डिजिटल झूमचा आकडा मात्र हिशेबात धरूच नका. तो फोटोचा तुकडा कापून मोठा करणं आहे, ते घरी बसूनही करता येतं.

घेतल्यावरच्या तक्रारी

*"कॉम्पॅक्टवर बटण दाबलं तोवर मूल पळून गेलं."* जुन्या कॉम्पॅक्टला फोकस शोधायला वेळ लागतो. मूल जिथे येणार त्या जागेवर आधीच बटण अर्धं दाबून धरा आणि ते आलं की पूर्ण दाबा. रोज पळापळीचेच फोटो काढायचे असतील तर मात्र एसएलआरच घ्या.

*"एसएलआर घेतला, तरी फोकस मंदच."* व्ह्यूफाइंडरला डोळा लावता, की मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढता? बऱ्याच जुन्या एसएलआरमध्ये स्क्रीनवर बघताना आरसा वर जातो, वेगवान फोकस प्रणाली बाजूला पडते आणि कॅमेरा कॉम्पॅक्टसारखा चाचपडायला लागतो. मोबाइलच्या सवयीने हात पुढे करून फोटो काढणाऱ्यांची ही हमखास तक्रार. डोळा लावा, निम्मा आजार तिथेच बरा होतो.

*"ग्रुप फोटोत मागची रांग धूसर."* हे नव्या एफ १.८ लेन्सचं कौतुक अंगाशी येणं. एपीएस-सीवर ५० एमएम, एफ १.८, माणसं तीन मीटरवर: तीक्ष्ण राहणारी जागा जेमतेम पाव मीटर. दुसरी रांग त्यात बसणार कशी? एफ ८ वर आणा, तीच जागा मीटरभराची होते. कॉम्पॅक्टवाल्याला ही कटकट सहसा नसते, छोट्या सेन्सरवर पुढचं-मागचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट येतं. फुलाचा अगदी जवळून फोटो घेतानाही त्याचं पारडं जड: कित्येक कॉम्पॅक्ट एखाद-दोन सेंटिमीटरवर फोकस करतात, किट लेन्सला पाव मीटर लांब थांबावं लागतं.

*"रंगमंचाचे फोटो काळे, फ्लॅश लावूनही."* अंगचा फ्लॅश चार-पाच मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, दोन्ही प्रकारांत. तो बंद करा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवा.

नवा एसएलआर, की जुना, की आणखी काही?

२००८ साली पॅनासोनिकच्या जी१ ने आरसा काढून टाकला आणि लेन्स बदलण्याची सोय ठेवली, तिथून मिररलेस सुरू झाले. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉननेही त्यासाठी नवी माउंट (लेन्स बसवायची जोडणी) आणली. २०२० चा १डी एक्स मार्क ३ हा आपला शेवटचा फ्लॅगशिप (सर्वांत वरच्या श्रेणीचा) एसएलआर, असं पुढच्याच वर्षी कॅननच्या प्रमुखांनी सांगितलं. म्हणून एसएलआर घेऊ नये असं मी म्हणणार नाही. जुन्या बाजारात चांगल्या बॉडी आणि लेन्सा मुबलक आहेत, शिकायला त्यांच्याइतकं स्वस्त साधन नाही. फक्त घेण्याआधी शटर किती वेळा पडलंय ते विचारा आणि लेन्समधून टॉर्च मारून बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, ती लेन्स परत ठेवा.

बॉडीची तपासणी तर दोन मिनिटांची. एफ २२ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, फोकस मुद्दाम बिघडवून. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळपट ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे. एसएलआरमध्ये हे चालायचंच, रबरी फुग्याने हवा मारली की बहुतेक ठिपके जातात. तोंडाने मात्र फुंकू नका. मी एकदा फुंकली, आणि धुळीच्या दोन ठिपक्यांच्या जागी थुंकीचे सात मिळाले.