गर्भजल कमी असल्याचा अहवाल आल्यावर काय पाहावे, काय विचारावे

नवव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या अहवालात पाणी कमी असल्याचा शेरा आला की घरातला पहिला प्रश्न ‘आता सिझर करावे लागणार का?’ हाच असतो. त्याचे उत्तर त्या एका आकड्यात नसते. अहवाल हातात घेऊन आधी किती आठवडे पूर्ण झाले आहेत, पाणी कोणत्या पद्धतीने मोजले आहे आणि डॉप्लरमध्ये नाळेतील रक्तप्रवाहाची नोंद काय आहे, हे पाहावे.

पाणी मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातील सर्वांत खोल जागेची उभी खोली मोजतात आणि चारांची बेरीज करतात. अहवालात ती ‘एएफआय’ म्हणून येते. ही बेरीज ५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर पाणी कमी धरतात, आणि ५ ते ८ च्या दरम्यान असेल तर काठावर. दुसऱ्या पद्धतीत सर्वांत खोल अशी एकच जागा मोजतात आणि ती २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरच पाणी कमी म्हणतात. बेरजेच्या पद्धतीत अधिक स्त्रियांवर ‘पाणी कमी’ हा शिक्का बसतो आणि अधिक जणींना औषधाने कळा आणल्या जातात, मात्र त्यामुळे बाळांची प्रकृती अधिक चांगली राहिल्याचे तुलनात्मक अभ्यासांत आढळलेले नाही. म्हणून बेरीज काठावर असेल तर ‘सर्वांत खोल जागा किती होती?’ हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. शिवाय ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास साधारण ८०० मिलिलिटर असलेले पाणी पुढे निसर्गतःच कमी होत जाते, आणि बाळ कुशीवर वळले तरी आकडा थोडा हलतो. बाळंतपणासाठी सोलापूर-साताऱ्याहून पुण्याला माहेरी आलेल्या मुलीचे आधीचे अहवाल दुसऱ्या केंद्रातले असतात. त्यांतील ९ आणि इथले ७ यांची वजाबाकी करून घाबरून जाऊ नये. फेरतपासणी शक्यतो एकाच केंद्रात करावी आणि प्रत्येक वेळी ‘फॉर्म एफ’ (गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने सक्तीचा अर्ज) भरावा लागत असल्याने ओळखपत्र फाइलमध्येच ठेवावे.

यानंतर पाणी झिरपत तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. पाणमोट दर वेळी धो-धो फुटतेच असे नाही. कधी ती वरच्या बाजूला चिरते आणि दिवसभर कपडा थोडा थोडा ओला होत राहतो, ज्याला अनेकजणी लघवी किंवा अंगावरचे पांढरे समजतात. स्वच्छ पांढरा पॅड लावून ओल, रंग आणि वास पाहावा आणि शंका आली तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. पाणी हिरवट दिसत असेल तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. कंबरदुखीसाठी मनानेच घेतलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळेही बाळाची लघवी आणि पर्यायाने पाणी कमी होते, त्यामुळे अशा गोळ्यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

पाणी पिण्याचा उपयोग होतो, पण सरसकट नाही. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात आईच्याच शरीरात पाणी कमी पडले असेल, तर दीड-दोन लिटर पाणी पिऊन केलेल्या फेरतपासणीत आकडा वाढलेला दिसू शकतो. शहाळ्याने नुकसान नाही, मात्र साध्या पाण्याहून वेगळा असा कोणताही गुण त्यात नाही. वार नीट काम करत नसल्याने किंवा रक्तदाब वाढल्याने बाळाची वाढ खुंटली असेल, तर कितीही शहाळी प्यायल्याने ती भरून निघत नाही. अशा वेळी ‘आठवडाभर पाणी पिऊन बघू’ म्हणणे धोक्याचे आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रीने विचारल्याशिवाय पाण्याचे प्रमाण वाढवू नये.

कळा आणण्याचा निर्णय आठवड्यांवर आणि बाळाच्या स्थितीवर ठरतो. खोल जागा २ सेंटिमीटरपेक्षा कमी असून बाकी सर्व ठीक असेल, तर साधारण ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंत प्रसूती करावी, आणि त्यानंतर निदान झाले तर तेव्हाच करावी, असा प्रचलित सल्ला आहे. त्याआधी बाळ उत्तम असेल तर पोटाला पट्टे लावून ठोके पाहणे आणि डॉप्लर यांच्या आधारे थांबता येते. तपासणी किती दिवसांनी होणार हे लिहून घ्यावे. मुहूर्त पाहून तारीख पुढे-मागे करण्याची ही जागा नव्हे.

कळा आणायचे ठरले तर आतून तपासणी करून गर्भाशयाचे तोंड किती मऊ, किती आखूड आणि किती उघडे आहे हे पाहतात. ते तयार नसेल तर जेल लावतात, गोळी देतात किंवा फोलीचा फुगा (तोंड उघडावे म्हणून आत ठेवायची, टोकाला फुगा असलेली नळी) बसवतात. आधी सिझर झाले असेल तर मिसोप्रोस्टॉलची गोळी टाळतात, म्हणून तो इतिहास कागदावर असला तरी तोंडीही सांगावा. जेल लावल्यावर काही वेळ पडून राहावे लागते, गरज पडल्यास साधारण सहा तासांनी ते पुन्हा लावतात, आणि फुगा तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडले की बहुधा आपोआप निसटतो. मग पाणमोट फोडणे आणि सलाइनमधून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे औषध देणे हा पुढचा टप्पा येतो. पाणी कमी असल्याने कळेच्या वेळी नाळ दबून ठोके मंदावू शकतात, म्हणून या काळात ठोक्यांची नोंद सतत चालू ठेवणे योग्य. ठोके उतरले तर कुशीवर वळवतात, सलाइनचा वेग कमी करतात किंवा ते थांबवतात. पहिलटकरणीला या सगळ्याला चोवीस तासांहून अधिक वेळ लागू शकतो. ‘अजून काहीच झाले नाही, सिझरच करा’ अशी घाई बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी करू नये. बाळाचे ठोके चांगले असतील तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर निदान बारा ते अठरा तास वाट पाहता येते.

रुग्णालय निवडताना खोलीच्या भाड्याआधी रात्री भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ किती वेळात येतात आणि नवजात अतिदक्षता विभाग तिथेच आहे का, हे विचारावे. ससून किंवा मंगळवार पेठेतील कमला नेहरू यांसारख्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, अगदी सिझरसुद्धा, मोफत आहे. गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत मध्यवस्तीतील रस्ते बंद असतात; ज्यांची तारीख त्या सुमारास आहे त्यांनी पर्यायी वाट आधीच पाहून ठेवावी.

दाखल होईपर्यंत रोज एका ठरावीक वेळी डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, रक्तस्राव झाला, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पाणी गेले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता निघावे; वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा.