घरात एक बरं होणारं माणूस आणि एक अडखळत वाचणारं मूल : दिवसाची घडी कशी बसवायची

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या नवऱ्याने दवाखान्यातून घरी आल्यावर बाराव्या दिवशी उजव्या हाताने पेला उचलला. अर्धाच उचलला, थोडं पाणी सांडलं, पण उचलला. मी लगेच नणंदेला फोन केला, सासूबाईंना केला, शेजारी जाऊन सांगून आले. त्याच संध्याकाळी मुलाने ‘सूर्य’ हा शब्द पहिल्यांदा न अडखळता वाचला. मी म्हटलं, “हं, पुढचा.”

रात्री पाठ टेकल्यावर ते टोचलं. दोघांनी केलं होतं ते एकच. मेंदू साथ देत नसताना तीच गोष्ट शंभरदा करून जमवली होती. एकाच्या नावाची दवंडी पिटली आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं ‘हं’ आलं. अर्धांगवायूतून उठणाऱ्या माणसाला कोणी “नीट लक्ष दे, आळशीपणा करू नकोस” म्हणत नाही. डिस्लेक्सिया (हुशार असूनही वाचता-लिहिताना अडखळणं) असलेलं मूल हे वाक्य दिवसातून चारदा ऐकतं.

पुढे जे लिहिलंय ते सव्वा वर्षाच्या धडपडीतून आलंय. तुमच्या घरी पक्षाघाताऐवजी मोठं ऑपरेशन असेल, हाड मोडलं असेल, किंवा मुलाची अडचण वाचण्याऐवजी गणितात असेल. तपशील बदलतील, घडी साधारण अशीच बसते. औषधं आणि व्यायाम डॉक्टर-थेरपिस्टनेच ठरवायचे. उरलेला दिवस मात्र आपल्यालाच ठरवावा लागतो.

पहिली पायरी : काय सोडायचं ते आधी ठरवा

एका कागदावर तीन रकाने आखा. रोज झालंच पाहिजे, आठवड्यातून झालं तरी चालेल, नाही झालं तरी काही बिघडत नाही. पहिल्या रकान्यात फक्त औषधं, व्यायाम, जेवण-झोप आणि मुलाचं दहा मिनिटांचं वाचन. बस्स. मी त्या रकान्यात ‘सगळा गृहपाठ’ लिहिला होता. तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघंही वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो.

वाचनाची दहा मिनिटं मात्र सोडू नका. घरात आजारपण आलं की “त्याचं नंतर बघू” असं आपसूक होतं. अशा मुलांचं कमावलेलं सरावाशिवाय पटकन निसटतं आणि महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी बरी.

दुसरी पायरी : शाळेला एक पत्र

फाटकापाशी उभ्याउभ्या बोलू नका, लेखी द्या. लांबलचक नको. आमचं साधारण असं होतं : “घरी वडिलांचं आजारपण आहे. पुढचे तीन महिने गृहपाठ निम्मा द्यावा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी पानाचा फोटो द्यावा. उत्तरं तोंडी घ्यावीत. तयारी नसताना वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये.” शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. घरातल्या काळजीचं ओझं घेऊन आलेलं मूल वर्गासमोर अडखळलं आणि पोरं हसली की पुढचा महिनाभर ते पुस्तक उघडत नाही. तपासणीचा अहवाल असेल तर प्रत जोडा आणि परीक्षेतला जादा वेळ किंवा लेखनिक या सवलती त्याच पत्रात मागून ठेवा. नंतर धावपळीत राहून जातं.

तिसरी पायरी : मुलाला खरं सांगा, आणि लवकर सांगा

मोठी माणसं कुजबुजतात आणि मूल उरलेलं स्वतः भरतं. आमच्याकडे झटक्याच्या आदल्या रात्री शुद्धलेखनावरून बापलेकात मोठी खडाजंगी झाली होती. मुलाने दीड महिना मनात धरून ठेवलं होतं की बाबा माझ्यामुळे आजारी पडला. मला कळलं ते तो झोपेत बोलला म्हणून.

तेव्हा न विचारताही सांगा : “बाबाच्या मेंदूत रक्त पोचवणारी एक नळी बंद झाली. तू काही केलंस म्हणून नाही. तू काही केलं नाहीस म्हणूनही नाही.” पुढे काय होईल तेही सांगा. बाबा दमेल, शब्द शोधेल, कधी कारण नसताना रडेल किंवा हसेल. असं एकाएकी रडू-हसू येणं झटक्यानंतर बऱ्याच जणांना होतं. ते आजाराचं आहे, तुझ्यावरचा राग नाही, हे मुलाला माहीत असलं की ते घाबरून खोलीबाहेर पळत नाही. “बाबा पूर्ण बरा होईल” असं वचन मात्र देऊ नका. “रोज थोडा व्यायाम करतोय, आपण बघत राहू,” एवढं पुरतं आणि ते खरंही असतं.

चौथी पायरी : दोघांचा सराव एका टेबलावर

इथे जरा इतिहास सांगते, कारण मला त्याने धीर दिला. वाचता न येण्याकडे डॉक्टरांचं लक्ष आधी गेलं ते मोठ्या माणसांमुळे. मेंदूच्या आजारानंतर काही रुग्णांना दिसायचं नीट, बोलता यायचं, पण वाचता येत नसे. १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द वापरला तो अशाच प्रौढ रुग्णांसाठी. ग्लासगोच्या जेम्स हिन्शलवूड यांनी १८९५ मध्ये प्रौढांमधल्या या ‘शब्दांधत्वा’वर लिहिलं. ते वाचून प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरला आपल्याकडचा एक मुलगा आठवला. चौदा वर्षांचा, हुशार, पण वाचता न येणारा. मॉर्गनने १८९६ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चुणचुणीत मुलगा ठरला असता.

म्हणजे झटका आलेला माणूस आणि अडखळत वाचणारं मूल वैद्यकाच्या इतिहासात आधीच शेजारी बसलेले आहेत. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. बापाचं शिकलेलं हरवलं, मुलाच्या मेंदूची घडणच वाचनापुरती वेगळी आहे. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो हे खरं, पण बापाच्या झटक्याशी त्याचा काही संबंध नाही. नातेवाईक हा संबंध हमखास जोडतात. तिथल्या तिथे तोडून टाका.

आता टेबल. वेळ रुग्णाच्या थकव्यावरून ठरवा, मुलाच्या सोयीने नाही. झटक्यानंतरचा थकवा बऱ्याचदा झोपेनेही जात नाही आणि संध्याकाळी तो अंगावर येतो. शाळेत दिवसभर अक्षरांशी झुंजून आलेलं मूलही संध्याकाळी रिकामं झालेलं असतं. आम्ही सकाळी शाळेआधीची वीस मिनिटं धरली. दहा मिनिटं मुलाचं वाचन, दहा मिनिटं बापाचे शब्द आणि डाव्या हाताचं लिखाण. एकाचं चालू असताना दुसऱ्याने नुसतं बसायचं. मुलाने एकदा बापाची वही पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, “आता बाबाचं अक्षर माझ्यासारखं झालंय!”

दहा मिनिटांत काय करायचं? पाच शब्द घ्या, तीन जुने, दोन नवे. प्रत्येक शब्द आधी कानाने फोडायचा, मग डोळ्याने बघायचा. देवनागरीत मुलं अडतात त्या जागा ठरलेल्या असतात. ‘किती’मधल्या ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो पण बोलताना ‘य’च्या आधी येतो. मोठ्यांना हे कधी जाणवतही नाही. मुलाला टाळ्या वाजवून म्हणू द्या : सू, र्, य. मग रफाराला रंगीत पेन्सिल. त्यानंतर एक छोटा उतारा, आधी तुम्ही आणि मूल एकत्र आवाजात, मग ते एकटं. तोच उतारा तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तो सुरळीत जातो आणि मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी तीन दिवस थांबावं. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका, हाताला फक्त चूक पाठ होते.

पाचवी पायरी : आजारी पालकाला पालकाचं काम द्या

हे मला सर्वांत उशिरा सुचलं. आम्ही नवऱ्याला फक्त जपत होतो. त्याला वाचाघात होता. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला तो होतो. नवऱ्याची समज शाबूत होती, पण शब्द तोंडाशी येऊन अडायचे. शिकवणार काय?

मग एकदा मी कामात होते म्हणून मुलगा पुस्तक घेऊन त्याच्यापाशी बसला. आधीचा बाप प्रत्येक शब्दाला टोकायचा. आता टोकायला शब्दच नव्हते. मुलगा अडला की तो फक्त ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवायचा आणि थांबायचा. पाच सेकंद, दहा सेकंद. त्या थांबण्यात मुलगा शब्द जुळवायचा. मी दाराआडून ऐकलं. इतकं निवांत वाचताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून वाचन ऐकायचं काम बाबाचं.

तुमच्याकडे दुसरं काही असेल. अंथरुणावरून पाढे ऐकता येतात, दप्तराची यादी फोनमध्ये बोलून ठेवता येते, रात्री गोष्ट सांगता येते. काम खरं हवं. मन रमवायला दिलेलं काम दोघांनाही ओळखू येतं.

बोलण्याचा एक नियम तर दोघांनाही लागू पडतो : एका वेळी एकच गोष्ट सांगा, मग थांबा. “दप्तर भर, डबा घे आणि येताना बाबाची गोळी आण” यातलं शेवटचंच मुलाच्या लक्षात राहतं. वाचाघात झालेल्या माणसाशीही छोटी वाक्यं, हो-नाहीचे प्रश्न, हावभाव, आणि टीव्ही बंद. पण त्याच्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका. आवाज चढवायचंही कारण नाही, कान ठीक आहेत.

सहावी पायरी : मुलाला परिचारक करू नका

पाणी नेऊन देणं, काठी आणून देणं, सोबत बसणं ठीक. औषधं देण्याचं काम मात्र अजिबात नको. ज्याला सारखी दिसणारी अक्षरं आणि आकडे गोंधळात टाकतात त्याच्या हातात गोळ्यांच्या पट्ट्या देऊ नयेत. “तो आता मोठा झालाय” हा युक्तिवाद इथे चालत नाही. बापाला धरून उठवणंही नको. दोघंही पडतील.

एक गोष्ट मात्र शिकवा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं एकदम अडखळलं तर लगेच मोठ्यांना हाक मारायची. कोणी जवळ नसेल तर फोन करायचा. आमचे तातडीचे नंबर फ्रिजवर बारीक अक्षरांत चिकटवले होते. घाबरलेलं, वाचायला अडणारं मूल त्यातून काय शोधणार? आता ते फोनमध्ये माणसांच्या फोटोसकट आहेत. फोटो दाबला की झालं. महिन्यातून एकदा सराव करून घेतो.

सातवी पायरी : एक वही, दोन पानं

डाव्या पानावर बाबा, उजव्या पानावर मुलगा. रोज एकेक ओळ, आणि ती कालच्या स्वतःशी मोजलेली. “दारापर्यंत चालला, एकदा थांबला.” “उतारा वाचला, चार ठिकाणी अडला, काल सहा.” टक्के, मार्क, वर्गातला नंबर या वहीत येऊ द्यायचे नाहीत.

दोन्ही पानांची चाल सारखी नसते, हे आधीच मनाशी पक्कं करा. झटक्यानंतर सुधारणा सहसा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. मग वेग मंदावतो, तरी सुधारणा चालू राहू शकते. मुलाचं पान पुढे-मागे होत सरकतं आणि त्याला ‘बरा झाला’ अशी तारीख नसते. डावं पान भराभर भरत असताना उजव्यावर आठवडाभर “तेच” लिहावं लागलं तर लिहा. मुलगा ते वाचतो. तुम्ही दोन्ही पानांना सारखी शाई वापरता का, हेही बघतो.

वाईट दिवस येणारच. त्या दिवशी वहीत “आज सुट्टी” लिहा आणि मिटून टाका. पण नवरा किंवा बायको आठवडेच्या आठवडे गप्प असेल, व्यायामाला नको म्हणत असेल, तर डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर नैराश्य सर्रास येतं आणि त्यावर उपचार होतात. मुलाचं रोज सकाळी पोट दुखू लागलं तर शाळेत काय चाललंय ते विचारा. आणि तुम्हाला स्वतःला आठवड्यातून दोन तास घराबाहेर हवेत. कोणी “काही मदत लागली तर सांग” म्हटलं की संकोच न करता वार आणि वेळ सांगून टाका.

आठवी पायरी : सगळं ठीक व्हायला लागलं की

पालक कामावर जायला लागला की घर सुटकेचा श्वास सोडतं आणि मुलाची सगळी थकबाकी एकदम वसूल करायला निघतं. राहिलेला गृहपाठ, क्लास, सुट्टीतले जादा तास. तसं करू नका. कागदावरच्या तिसऱ्या रकान्यातली एकेक गोष्ट, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने परत आणा. परत न आणलेल्या काही गोष्टींची आम्हाला अजून आठवणही आलेली नाही.

आमच्याकडे डाव्या पानावरच्या ओळी आता विरळ झाल्यात. नवरा बरंचसं बोलतो आणि कधी कधी पूर्वीसारखा टोकायलाही लागतो. मग मुलगा पुस्तकावरून मान न उचलता म्हणतो, “बाबा, बोट.” आणि तो बोट ठेवतो.