उपवासात पाणी पिताना या चुका टाळा (दरवर्षी त्याच त्याच बघून कंटाळले आता)

घट बसायला चार दिवस उरले की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोनच विषय असतात. आज कुठला रंग, आणि उपवासाने डोकं दुखतंय काय करू. रंगातलं मला काही कळत नाही. डोकेदुखीतलं कळतं, कारण २२ वर्षं नऊच्या नऊ दिवस धरतेय, तेही सोलापुरात, जिथे नवरात्रातलं ऊन पाऊस संपला म्हणून सूड उगवल्यासारखं पडतं, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आधी मीच करून बसलेय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे उपवासाला फक्त जेवण सुटतं असं समजणं. अहो, आपण बरंचसं पाणी ताटातूनच घेत असतो, लक्षात येत नाही इतकंच. शिजलेल्या भातात दोन तृतीयांश तरी पाणीच असतं, वर आमटी, रस्सा. उपवासाला हे सगळं गेलं आणि ताटात काय आलं, तर खिचडी, वेफर्स, खजूर, दाण्याचा लाडू. मग रोजच्याइतकंच पाणी पिऊनही संध्याकाळी तोंडाला कोरड पडते आणि सगळे म्हणतात भूक लागली. भूक नाही ती. मी खिचडी पहिल्या दिवशी हौसेपुरती करते, नंतर भगर मऊसर, दाण्याची आमटी पातळ, काकडी, लाल भोपळा, आणि वर दोन-तीन ग्लास पाणी जास्तीचं. साबुदाणा वड्यावर तुम्हाला जीव टाकायचाच असेल तर टाका, पण सोबत ताक घ्या.

आता माझा खास राग. हरतालिकेच्या आदल्या रात्री टाकी फुल्ल करून ठेवणाऱ्या बायका.

आम्हा सोलापूरकरांना भरून ठेवायची सवयच आहे म्हणा, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तर ड्रम, टाकी, कळशी सगळं भरा. लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेला मी पोटाचंही तेच केलं. दुसऱ्या दिवशी निर्जळी आहे म्हणून रात्री ११ वाजता उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायले. पहाटेपर्यंत पाच वेळा उठले, झोपेचं खोबरं झालं, आणि जे प्यायले ते सगळं सकाळी पूजेला बसायच्या आधीच निघून गेलं. जाणारच ना, किडनी तासाला पाऊण-एक लिटर पाणी सहज बाहेर टाकते, तिला तुमचा उद्याचा उपवास माहीत नाही. हरतालिकेच्या दुसऱ्याच दिवशी गणपती, म्हणून घरात हे काम, दुपारी चारला विळीवर मोदकाचा नारळ खवत बसले होते, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाजूला कलंडले. उजवीकडे कलंडले म्हणून वाचले, डावीकडे विळीचं पातं होतं. सासूबाईंनी आधी नारळाची परात उचलली, मग मला (हे मी अजून त्यांना ऐकवते). मग म्हणाल्या, "अगं, घटाला एकदम तांब्या उपडा करतेस का कधी? माती सगळी वाहून जाते आणि धान कुजतं. रोज हातानं शिंपडतेस ना, तसं स्वतःला घाल की."

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. आदल्या दिवशी दुपारपासूनच दर तासाला अर्धा-पाऊण ग्लास, रात्री जेवायला मऊ भात, आमटी, मीठ घातलेलं ताक, दुधीची भाजी. पाणी जेवणातून आलं आणि सोबत मीठ असलं की अंगात जरा टिकतं, नुसतं ढोसलेलं टिकत नाही. लोणचं-पापड नको, झोपताना फक्त दोन घोट. आणि निर्जळीच्या दिवशी दुपारी पत्री आणायला उन्हात जाऊ नका, सकाळीच आणा.

दुसरी मोठी चूक याच्या बरोब्बर उलटी आहे आणि ती हल्लीची आहे, रील बघून उपवास धरणाऱ्यांची. नुसतं पाणी, पाणी, पाणी.

ऑफिसातली एक मुलगी, पहिल्यांदाच नऊ दिवस धरलेले. टेबलावर ती दोन लिटरची बाटली, जिच्यावर वेळा छापलेल्या असतात, सकाळी नऊ, अकरा, एक. अशा दोन बाटल्या ती संपवायची आणि वर घरी जाऊन आणखी. खायला फक्त फळं. मीठ बंद, कारण कोणीतरी सांगितलेलं की मीठ घेतलं तर उपवास मोडतो. आणि रात्री दोन-दोन तास गरबा. चौथ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली, मळमळ, रात्री पोटऱ्यांत गोळे. तिने काय करावं? पाणी कमी पडतंय म्हणून आणखी पाणी प्यायली. पाचव्या दिवशी तिच्या आईने दवाखान्यात नेलं, तपासणीत सोडियम १३० च्याही खाली (असायला हवं १३५ ते १४५). घामातून मीठ जातंय, खाण्यातून येत नाहीये आणि वरून नुसतं पाणी ओतताय, मग रक्तातलं मीठ पातळ होणारच. आमटीत पाणी वाढवत गेलं की अळणी होते, तेवढंच आहे ते.

गंमत म्हणजे शेंदेलोण चालतंच की उपवासाला! बहुतेक घरांत चालतं, आणि तेही सोडियम क्लोराईडच आहे, फक्त गुलाबी. मी दुपारी एक मोठा ग्लास पातळ ताक करते, चिमूट-दोन चिमूट शेंदेलोण, भरडलेलं जिरं. घाम जास्त आला तर लिंबूपाण्यातही तेच. शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे शहाळं प्यायलं म्हणजे मीठ झालं असं नाही. अगदी अळणीच धरायचं असेल तर धरा, पण मग गरबा लांबून बघा आणि बाटलीवरच्या वेळा पाळू नका, तहानेपुरतं प्या. बीपी, किडनी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी माझ्या ताकाच्या नादी लागू नये. बीपीची लघवी होणारी गोळी किंवा शुगरची औषधं चालू असतील, किंवा दिवस गेलेले असतील तर उपवासाआधी डॉक्टरला विचारा, ग्रुपवर नाही.

बाकीच्या बारक्या चुका पटापट सांगते. दिवसभर चहा. चहाने अंगातलं सगळं पाणी जातं हे काही खरं नाही, पण अर्धा कप चहाने तहान मारली जाते आणि रिकाम्या पोटी पाचव्या कपाला ॲसिडिटी ठरलेली. दोन कप, बास. उन्हातून आल्या आल्या फ्रीजची बाटली तोंडाला लावणं, ढेकर येतात आणि अर्धा ग्लास प्यायच्या आधीच पोट भरतं, माठाचं प्या. लघवीचा रंग बघा हे बरोबर, फिकट लिंबूपाण्यासारखा हवा, पण बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर ती पिवळीधमक होणारच, त्यावरून घाबरू नका. आणि मोबाईलवर पाण्याचे अलार्म लावणारे, तिसऱ्या दिवशी सगळे बंद करतात, पाहिलंय मी. माझा अलार्म म्हणजे देवापुढचा अखंड दिवा. तेल बघायला, वात सारायला दिवसातून आठ-दहा वेळा जावंच लागतं, शेजारी तांब्या-भांडं ठेवलेलं असतं, दिव्यात तेल घातलं की अर्धं भांडं पाणी मी पिते. दिवा विझू द्यायचा नाही म्हणून पाणी चुकत नाही.

ओआरएसचं पाकीट आणून चिमूट चिमूट ग्लासात टाकणं हीपण चूकच. अख्खं पाकीट किती पाण्याचं ते त्यावर लिहिलेलं असतं (मोठं असेल तर एक लिटरचं), प्रमाण ठरलेलं असतं, लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम हा डब्ल्यूएचओचा हिशोब. एकदम कालवा आणि दिवसभरात संपवा, उरलं तर फेका. मेडिकलमधल्या गोड रंगीत डब्यांना ओआरएस समजू नका, त्यात साखर कितीतरी जास्त असते.

आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, ताई, ओआरएस उपवासाला चालतं का? पाकीट उलटं करून वाचलंय मी. मीठ, साखर आणि क्षार. कांदा-लसूण नाही.